हिरो गावकरी असतील तर आधी गाई चोरीला जाऊ दे

डाइसवर चालणाऱ्या रोलप्लेइंग गेमचा पहिलाच कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, आहे ना, मग जगाचा नकाशा वगैरे राहू दे, एकच वस्ती घे. जुनं आयर्लंड धरलंस तर व्हायकिंग येईपर्यंत तिकडे शहरं अशी नव्हतीच, डब्लिनचा तळ त्यांनी 841 मध्ये टाकला, म्हणजे टाउन हवंच असेल तर त्यानंतरचा काळ घे नाहीतर मग मातीच्या गोल बांधातली घरं आणि जवळ एखादा मठ. श्रीमंती मोजायची ती गाईंवर. म्हणून पहिल्या सेशनला राक्षस नको, शेजारच्यांनी गाई पळवल्या एवढं पुरे, लोहार, सुईण, मधमाश्या पाळणारी म्हातारी काय करतात बघ. तलवारीआधी कायदा येतो बरं का, बड्या माणसाने देणं थकवलं तर त्याच्या दारात उपाशी बसायचं, आपल्याकडच्या धरण्यासारखंच, आणि तो दाद न देता खुशाल जेवला तर त्याची पत गेली. माझ्या टेबलवर यावर अख्खी रात्र गेली, एकदाही डाइस न टाकता! मॅजिक फक्त साउइन या जुन्या आयरिश सणाच्या रात्री, 31 ऑक्टोबरला, तेही दाराबाहेर कोणीतरी मेलेल्या भावाच्या आवाजात हाक मारतंय एवढंच. खरं काय ते प्लेयर्सना सांगू नकोस, विचारतील, तरी नाही.