‘दॅट’ म्हणजे ‘ते’ की ‘की’?

तुम्ही विचारलंय की शाळेत ‘दॅट’चा अर्थ ‘ते’ सांगितला, मग ‘आय नो दॅट दॅट मॅन इज अ ट्रेडर’ या वाक्यात तो दोनदा कसा आला आणि ‘ते’ दोन्हीकडे का बसत नाही?

पहिला दॅट आपला ‘की’ आहे आणि दुसरा ‘तो’. मला माहीत आहे की तो माणूस व्यापारी आहे. स्पेलिंग एक, कामं दोन. कान देऊन ऐकलंत तर उच्चारही वेगळा लागेल. ‘की’वाला दॅट घाईत ‘दट्’ असा अर्धा गिळतात, ‘तो’वाला पूर्ण आणि ठसक्यात म्हणतात. पहिला गाळला तरी चालतो. मग उरलेला एकटा दॅट ‘तो’वालाच असतो.

मी काही इंग्रजीचा मास्तर नाही. नाशिकजवळ द्राक्षांच्या एका पॅकहाऊसमध्ये निर्यातीचे कागद आणि परदेशी खरेदीदारांचे मेल बघतो, तिथे चुका करत करत हे शिकलो.

बोट दाखवण्यापुरतं सोपं आहे. पाथर्डी फाट्यावर चहा घेताना हातातला कप दिस, समोरचा पांडवलेण्यांचा डोंगर दॅट, त्यातली 24 लेणी दोज. हातात दोन कप असतील तर दीज. अंतर मनातलंही असतं. मी आता सांगणार आहे ते दिस, तुम्ही आत्ता बोललात ते दॅट. चालू हंगाम दिस, अवकाळीने झोपवलेला मागचा हंगाम दॅट. आपलं ‘हे ऐक’ आणि ‘ते झालं गेलं’ असंच चालतं, त्यामुळे इथे मराठी मदतीलाच येते.

दगा देतो तो ‘हे’. हे घर, हे घड, हे माझे वडील. पहिला नपुंसकलिंगी एकवचनी, दुसरा पुल्लिंगी अनेकवचनी, तिसरा आदराचा. आमच्याकडच्या एका नव्या पोराने खरेदीदाराच्या माणसाला वडिलांची ओळख करून दिली ती ‘दीज आर माय फादर’ अशी. त्याच्या मनात आदर होता, समोरच्याला दोन-तीन वडील दिसले. इंग्रजीत आदर सर्वनामात मावत नाही, ‘दिस इज माय फादर’ एवढंच. (‘आमचे हे’ला तर तिकडे शब्दच नाही.) उलट विरळणीची, म्हणजे घडातले द्राक्षाचे जादा मणी काढायची कात्री हातात एकच असली तरी ती ‘दीज सिझर्स’.

इंग्रजीतही पूर्वी आपल्यासारखी तीन लिंगं होती. जुन्या इंग्रजीत दॅट हे त्यातलं फक्त नपुंसकलिंगी रूप होतं, पुढे लिंगभेद गळाला आणि ते सगळ्यांसाठी उरलं. संस्कृत ‘तत्’ त्याचं सख्खं भावंड, म्हणजे आपलं ‘ते’ही नात्यातलंच. तुमच्या बाई अगदीच चुकल्या नव्हत्या.

आता खरी अडचण, जी शाळेत कुणी सांगितली नाही. मी एकदा मेलमध्ये लिहिलं, ‘द बेरीज ऑफ दिस प्लॉट आर बिगर दॅन दॅट प्लॉट’. अर्थ काय झाला? या प्लॉटचे मणी त्या अख्ख्या प्लॉटपेक्षा मोठे! मराठीत ‘त्या प्लॉटपेक्षा’ म्हटलं की ऐकणारा बाकीचं समजून घेतो. इंग्रजी लिखाणात मण्यांच्या जागी कुणीतरी उभं करावं लागतं: ‘बिगर दॅन दोज ऑफ दॅट प्लॉट’. मणी अनेक म्हणून दोज. साखरेबद्दल लिहायचं असेल तर शुगर एकवचनी, म्हणून ‘दॅट ऑफ’. तुलना लिहून झाली की कशाची तुलना कशाशी केली, एवढं बोट ठेवून तपासा. माझ्या निम्म्या चुका तिथेच सापडल्या.

फोनवरचंही सांगतो, कारण तिथे पुस्तक उपयोगी पडत नाही. स्वतःची ओळख देताना ‘दिस इज’ म्हणून नाव सांगायचं. पलीकडे कोण आहे हे विचारताना ब्रिटिश माणूस ‘हू इज दॅट?’ म्हणतो, अमेरिकन बहुधा ‘हू इज दिस?’. दोन्ही बरोबर. मी मात्र घाईत असलो की अजूनही ‘आय ॲम स्पीकिंग फ्रॉम नाशिक’ म्हणूनच सुरुवात करतो.