सिव्हिलायझेशन ६ मध्ये चंद्रगुप्त दर वेळी का उलटतो, आणि त्याच्यापुढे टिकायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिव्हिलायझेशन ६ या पाळीपाळीने (टर्नने) खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये तुम्ही ट्राजन हा सम्राट घेऊन रोम खेळताय. उत्तरेला चंद्रगुप्त, त्याच्या पलीकडे ग्रीसची गॉर्गो. चंद्रगुप्ताशी दोनदा मैत्री केलीत, भेटी दिल्यात, तरी मुदत संपली की तो चालून येतो आणि तुमचे लीजन (रोमचं पायदळ) हत्तींपुढे टिकत नाहीत. ही मैत्री पक्की कशी करावी?

करू नका. त्याच्यावर खर्च केलेलं सोनं पाण्यात गेलं असं समजा. ‘राइज अँड फॉल’ या २०१८च्या विस्तारात आलेल्या या चंद्रगुप्ताचा अजेंडाच असा आहे की ज्याच्या सीमा जवळ तो नावडता, लांब राहणारा लाडका. तुम्ही त्याला खेटून बसलाय, तेव्हा काहीही केलंत तरी खात्यात वजाबाकी चालूच राहणार. मैत्रीचा करार स्टँडर्ड वेगात ३० टर्न चालतो, तेवढ्यात तो हल्ला करू शकत नाही. म्हणजे तुम्हाला ३० टर्नची उसंत मिळते, एवढाच त्या कराराचा अर्थ. त्या काळात भिंती बांधा, आर्चर उभे करा आणि गॉर्गोकडे माणूस धाडा.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातलं मंडल ठाऊक असेलच: लगतचा राजा तो अरी, अरीच्या पलीकडचा तो मित्र. गेम बनवणाऱ्यांनी चंद्रगुप्ताला जे तर्कशास्त्र दिलंय तेच त्याच्यावर उलटवायचं. गॉर्गोची आणि तुमची सीमा भिडत नाही, भांडायला कारण नाही. पहिल्या भेटीतच २५ सोन्याचं डेलिगेशन (शिष्टमंडळ) पाठवा, मग ट्रेड रूट, मग मैत्री. सिव्हिल सर्व्हिस हे सिव्हिक (संस्कृतीच्या वाटेने मिळणारा शोध) आलं की त्या मैत्रीचा अलायन्स होतो. पाच प्रकार आहेत (रिसर्च, मिलिटरी, इकॉनॉमिक, कल्चरल, रिलिजस), आणि एका प्रकारचा अलायन्स एका वेळी एकाशीच करता येतो. रिसर्चचा मोह सगळ्यांनाच होतो. तुमच्या नकाशात मात्र गॉर्गोसाठी मिलिटरीच ठेवा.

आता मिलिटरी अलायन्सकडून काय मिळतं ते नीट बघा, कारण इथे बहुतेकांचा अपेक्षाभंग होतो. गॉर्गोचं सैन्य तुमच्या मदतीला धावत येईल असं धरून चालू नका. एआय (तिला खेळवणारा संगणक) आपल्याच सोयीने लढतो, शहराभोवती दोन चकरा मारतो आणि परत जातो. तुम्हाला मिळते ती दोघांच्या समान शत्रूविरुद्ध पहिल्याच पातळीपासून +५ ताकद, आणि चंद्रगुप्ताची निम्मी युनिट उत्तरेच्या सीमेवर अडकलेली. अर्थशास्त्रात मागून टाच धरणाऱ्याला पार्ष्णिग्राह म्हणतात. गॉर्गोने चंद्रगुप्ताचा पार्ष्णिग्राह व्हावं, बास. त्यासाठी ती युद्धात असायला हवी, म्हणून डीलच्या स्क्रीनवर जॉइंट वॉर दिसलं की थोडं सोनं मोजून घ्या. आणि हे लवकर करा. १७६१च्या पानिपतात शुजाउद्दौला अब्दालीला मिळाला आणि सूरजमल जाट आधीच निघून गेला होता, पुढचं आपल्याला तोंडपाठ आहे.

+५ ऐकायला किरकोळ वाटतं. या गेममध्ये दोन बरोबरीची युनिट भिडली तर १०० पैकी साधारण ३० हिटपॉइंट (युनिटचा जीव) जातात, आणि ताकदीतल्या दर एका अंकाच्या फरकाने हा आकडा सुमारे ४ टक्क्यांनी चक्रवाढ पद्धतीने सरकतो. १७चा फरक पडला की नुकसान जवळपास दुप्पट.

हे धरून तुमच्या लीजनचा हिशेब करू. लीजन ४०, चंद्रगुप्ताचा वरू हत्तीही ४०. पण वरूच्या शेजारच्या शत्रू युनिटची ताकद ५ने घटते, म्हणजे तुम्ही ३५. शिवाय मिलिटरी ट्रेनिंग मिळाल्यावर तो ‘वॉर ऑफ टेरिटोरियल एक्स्पान्शन’ पुकारू शकतो. तसं पुकारलं तर पहिले १० टर्न त्याच्या युनिटना +५ ताकद आणि +२ चाल. तो ४५, तुम्ही ३५. मोकळ्या मैदानात एका धडकेत तुमचे सरासरी ४५ जातात, त्याचे २०. दुसऱ्या धडकेत लीजन मोडतोच, कारण जखमी युनिटची ताकदही उतरते. तुमच्याकडे तेच झालंय.

तोच लीजन नदीमागच्या टेकडीवर दोन टर्न फॉर्टिफाय करून (न हलता बचावाला) बसवा. टेकडीचे ३, फॉर्टिफायचे ६, नदी ओलांडून हल्ला होतोय म्हणून ५. हत्तीचे ५ वजा करून तुम्ही ४९. आता धडकेत तुमचे २५-२६ जातात, त्याचे ३५. गॉर्गोही युद्धात असेल तर तुमचे २१च. युनिट तेच, जागा बदलली फक्त.

तेव्हा पहिले १० टर्न पुढे पाऊलही टाकायचं नाही. हत्ती येऊ देत. लीजनच्या मागे आर्चर ठेवा. त्यांचा पल्ला २ टाइलचा (टाइल म्हणजे नकाशावरचं षटकोनी घर), म्हणजे हत्तीला खेटावं लागत नाही आणि ती ५ची वजाबाकी बसत नाही. गॉर्गो युद्धात असेल तर एका बाणाने १६-१७च जातील, पण तिघांनी मारलं की हत्ती अर्धा झाला, आणि नेम धरणाऱ्याला ओरखडाही नाही. क्रॉसबो आले की विषयच संपला. प्रमोशन मिळालं तर लगेच घेऊ नका, राखून ठेवा. घेताक्षणी ५० हिटपॉइंट भरून येतात, ते ऐन लढाईत लागतात.

तो थकला की मग पुढे जायचं, तेही रुंद आघाडीने. एका टाइलवर एकच लढाऊ युनिट मावतं, त्यामुळे दोन डोंगरांमधल्या खिंडीत सगळी फौज घातलीत तर संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर होतं तेच होणार: पुढचा हलत नाही, मागचा वळू शकत नाही. शहराभोवतीची सहाही टाइल तुमच्या युनिटखाली किंवा त्यांच्या झोन ऑफ कंट्रोलखाली (शेजारच्या टाइलवर शत्रूची चाल अडवणारी पकड) आली की शहराचे हिटपॉइंट भरून येणं थांबतं. आर्चरना झोन ऑफ कंट्रोल नसतो, म्हणून घेरायला लीजनच लागतात. सोबत एक बॅटरिंग रॅम (भिंत फोडायचा ओंडका) न्या, नाहीतर भिंतीवर डोकं आपटत बसाल.

तुम्ही लिहिलंय की बोरिवली-चर्चगेट प्रवासात आयपॅडवर खेळता. मीही लोकलमध्येच खेळतो. माझा नियम: उभं असताना फक्त शहरं आणि डिप्लोमसी, लढाईचे टर्न बसायला मिळालं तरच. अंधेरीला धक्का लागून कॅटापुल्ट भलत्याच टाइलवर गेला तर परत फिरवता येत नाही.

शहर पडलं की त्याची लॉयल्टी (तुमच्यावरची निष्ठा) सांभाळा. व्हिक्टर गव्हर्नर तिथे बसवा; गव्हर्नरचे दर टर्नला +८ मिळतात आणि व्हिक्टर इतरांपेक्षा लवकर, ३ टर्नमध्ये रुजू होतो.

आणि तह करताना चंद्रगुप्ताने काहीही मागितलं तरी एक नाणं देऊ नका. तहात काही देणारे आणि कधीच न लढलेले, दोघेही गॉर्गोला खपत नाहीत. रिकाम्या हाताने तह होत नसेल तर आणखी थोडे टर्न लढा, तोवर तिच्याशी असलेल्या अलायन्सची पातळीही वाढत राहील.