वेरोनाच्या दंडाची नोटीस: 360 दिवस कुठून मोजायचे?

पुण्याच्या एका वाचकांचा प्रश्न. गेल्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला कामानिमित्त मिलानमध्ये असताना ते तीन मित्रांबरोबर भाड्याच्या गाडीने एका दिवसासाठी वेरोनाला गेले. अरीना आणि ज्युलिएटचं घर पाहून रात्री परत आले. डिसेंबरमध्ये गाडीच्या कंपनीने क्रेडिट कार्डावरून चाळीसेक युरो कापले. दंड भरला गेला असं समजून त्यांनी ईमेल उघडलाच नाही. यंदा 17 ऑक्टोबरला वेरोनाच्या पालिका पोलिसांची नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने घरी आली: झेडटीएलमध्ये, म्हणजे परवान्याशिवाय गाडीला बंदी असलेल्या जुन्या शहरात, विनापरवाना प्रवेश. दिवाळीच्या गडबडीत ती कपाटात गेली. आता ते विचारतात, वर्ष उलटल्यावर आलेली नोटीस बाद नाही का? गाडी मित्र चालवत होता, मग मी का भरू? आणि पुढचा व्हिसा अडेल का?

पाटी इटालियनमध्ये होती, कुणी अडवलं नाही, वगैरे बाजूला ठेवू. कॅमेऱ्याने नंबर टिपलाय, त्यावर वाद घालून हाती काही लागणार नाही. सगळं एका तारखेवर अडलं आहे.

इटलीच्या वाहतूक संहितेचं कलम 201 सांगतं की परदेशात राहणाऱ्याला नोटीस 360 दिवसांत पाठवली पाहिजे. हे वाचून जो तो सहलीच्या दिवसापासून बोटं मोजतो, आणि तिथेच फसतो. गाडी भाड्याची असेल तर त्या दिवशी पोलिसांना फक्त कंपनीचं नाव माहीत असतं. तुमचं नाव-पत्ता कंपनीने कळवल्यावरच तुम्हाला नोटीस पाठवणं त्यांना शक्य होतं, आणि मुदत तेव्हापासून धावते. तुम्ही पाठवलेल्या नोटिशीच्या फोटोत ती तारीख डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे, आणि नोटीस टपालात पडली 30 सप्टेंबरला. म्हणजे तीनशे दिवससुद्धा झालेले नाहीत. पाठवणाऱ्यासाठी टपालात टाकल्याची तारीख धरतात, तुमच्या दारात पोचल्याची नाही. नोटीस मुदतीतच आहे.

कार्डावरून गेलेले ते चाळीस युरो दंडाचे नव्हतेच. तुमचं नाव पोलिसांना कळवण्याचं ते कंपनीचं शुल्क होतं, आणि तुम्ही सही केलेल्या करारात ते असणार. तो ईमेल तेव्हाच वाचला असता तर वर्षभर आधी सावध झाला असतात. याबद्दल मला खरंच राग येतो, कारण अशी चूक करणारे तुम्ही एकटे नाही. सही करताना करार वाचायचा नाही, नंतर कागद उघडायचा नाही आणि मुदत संपत आली की वकील गाठायचा.

आता तुमच्याकडे किती दिवस आहेत ते बघा. नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत भरलं असतं तर 83 युरोंवर 30 टक्के सूट होती, म्हणजे 58 युरो आणि वर टपालखर्च. ती संधी कपाटात गेली. साठ दिवसांपर्यंत 83 युरो, हा किमान दंड. त्यानंतर कमाल दंडाच्या निम्मी रक्कम लागते, सध्या 166 युरो, अधिक खर्च. तुमचा साठावा दिवस 16 डिसेंबर.

त्याच साठ दिवसांत प्रिफेक्टकडे, म्हणजे सरकारच्या तिथल्या प्रतिनिधीकडे, हरकतही घेता येते, फी न भरता. पण ती फेटाळली गेली तर किमान दंडाच्या दुपटीहून कमी रकमेचा आदेश निघत नाही. शांतता न्यायाधीशाकडे, म्हणजे किरकोळ खटले चालवणाऱ्या न्यायाधीशाकडे, गेलात तर 43 युरो कोर्ट फी आणि सगळी कागदपत्रं इटालियनमध्ये. मुदतीचा मुद्दाच हातात नसताना मी यातलं काही सुचवणार नाही. एकदा पैसे भरले की हरकतीचा हक्क संपतो, हेही लक्षात ठेवा.

मित्र चालवत होता, या मुद्द्यावर जपून. कलम 196 प्रमाणे गाडी भाड्याने घेणाराही चालकाबरोबर जबाबदार असतो, त्यामुळे सुटका होत नाही. उलट करारात चालक म्हणून फक्त तुमचं नाव असेल, तर कराराचा भंग झाल्याचं तुम्हीच लेखी देऊन बसाल. करार पाहिल्याशिवाय याहून जास्त बोलत नाही.

व्हिसा नाकारण्याची जी कारणं शेंगेन संहितेत दिली आहेत, त्यांत न भरलेला वाहतूक दंड नाही. भारतातली वसुलीही अवघड: परदेशी कोर्टांचे निकाल भारतात बजावण्याची सोय करणाऱ्या, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली इटली येत नाही, आणि ते कलम दंडाच्या रकमेला लागूच होत नाही. पण तुम्ही पुढच्या वर्षी जर्मनीतल्या प्रोजेक्टवर जाणार आहात. युरोपीय संघातले देश 70 युरो आणि त्यावरचे दंड एकमेकांसाठी वसूल करू शकतात, आणि वेरोनाचा वसुलीचा हक्क पाच वर्षं जिवंत राहतो. तुमच्या बाबतीत न भरण्याचा सल्ला मी देणार नाही.

बँकेतून पाठवताना नोटिशीचा क्रमांक आणि गाडीचा नंबर लिहा, आणि मधल्या बँकांचं शुल्क पाठवणारा भरेल असा पर्याय निवडा. वेरोनाला चार युरो कमी पोचले तर तो अर्धवट भरणा ठरतो आणि उरलेल्या रकमेचा तगादा लागतो. पैसे तिकडे जमा व्हायला वेळ लागतो, तेव्हा 16 तारखेची वाट न बघता याच आठवड्यात पाठवा आणि पावती पाच वर्षं जपा.

मित्रांचा वाटा? खर्च वाटून घ्यायचं ठरल्याचा व्हॉट्सॲप मेसेज असेल तर तो पुरावा होऊ शकेल. पण वीस-एकवीस युरोंच्या एकेका वाट्यासाठी पुण्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं तारखा घेण्यात अर्थ नाही. पावतीचा फोटो ग्रुपवर टाका आणि सरळ मागा.