लक्षणे नसताना क्लॅमिडियाची तपासणी कशासाठी करायची?

तुमचे वय २३ आहे, कसलाही त्रास नाही, गर्भनिरोधनाचा सल्ला घेण्यासाठी तुम्ही लैंगिक आरोग्य चिकित्सालयात गेलात आणि तिथे तुम्हाला क्लॅमिडियाची, म्हणजे लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या एका जीवाणूच्या संसर्गाची, तपासणीही करून घ्यायला सांगितले. ती खरोखर आवश्यक आहे का, आणि अहवाल पॉझिटिव्ह आला तर जोडीदाराने आपल्याला फसवले असे समजायचे का, हे तुमचे दोन प्रश्न आहेत. अशाच एका चिकित्सालयात मी समुपदेशक म्हणून काम करते, त्यामुळे हे दोन्ही प्रश्न माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत.

पहिल्याचे उत्तर असे की तपासणी जरूर करून घ्या. त्रास नाही म्हणून तपासणी नको, हा विचार इतर अनेक आजारांच्या बाबतीत योग्य ठरेल, परंतु क्लॅमिडियाचा संसर्ग झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के किंवा त्याहून अधिक जणींना आणि पुरुषांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना काहीच जाणवत नाही. दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणे, संबंधांनंतर रक्त दिसणे, लघवीच्या वेळी जळजळ होणे, ओटीपोटात दुखणे ही लक्षणे दिसली तर माणूस स्वतःहून डॉक्टरांकडे जातो. ज्यांना ती दिसत नाहीत त्यांच्यासाठीच ही चाचणी सुचवली जाते. संसर्ग झालेल्या प्रत्येकीचे नुकसान होते असे मात्र मुळीच नाही. अनेकींच्या शरीरातून हा जीवाणू कालांतराने आपोआप नाहीसाही होतो. पण काहींच्या बाबतीत तो गर्भाशयमुखातून वर सरकतो, बीजवाहिन्यांना सूज येते, तिथे व्रण राहतात, आणि पुढे गर्भधारणा होण्यात अडचण येते किंवा गर्भ गर्भाशयाबाहेर, नलिकेतच रुजतो. हे कोणाच्या बाबतीत घडेल हे आधी ओळखता येत नाही. तरुण वयात हा संसर्ग अधिक आढळतो, म्हणूनच अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२१ च्या शिफारशीतही २४ वर्षे व त्याखालील, लैंगिक संबंध असलेल्या सर्व स्त्रियांना ही तपासणी सुचवली आहे.

या विषयावर तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत, आणि शोध घेतलात तर तुम्हाला ते वाचायला मिळतीलच. इंग्लंडमध्ये २००३ पासून पंचविशीच्या आतील तरुण-तरुणींना मोठ्या प्रमाणावर ही तपासणी देऊ केली जात होती. २०२१ मध्ये तिथल्या कार्यक्रमाचे उद्दिष्ट बदलून, उपचार न झालेल्या संसर्गामुळे होणारी हानी टाळण्यावर भर देण्यात आला, आणि लैंगिक आरोग्य सेवांच्या बाहेर, म्हणजे औषधांच्या दुकानांत किंवा सामान्य दवाखान्यांत, लक्षणे नसताना स्वतःहून विचारणा केवळ तरुण स्त्रियांना होऊ लागली. ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या चाचणी-अभ्यासातही तपासण्या वाढवूनसुद्धा समाजातील एकूण संसर्गाचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटल्याचे दिसले नाही. यावरून काही जण तपासणीच निरर्थक असल्याचा निष्कर्ष काढतात, आणि तो मला मान्य नाही. संपूर्ण समाजातील प्रसार रोखणे हा एक प्रश्न आहे आणि तुमच्या शरीरातील संसर्ग वेळीच शोधून बरा करणे हा दुसरा. तुमच्यासमोर आज दुसराच प्रश्न आहे.

आता प्रत्यक्ष नमुन्याविषयी सविस्तर सांगते, कारण चुका येथेच होतात. स्त्रियांसाठी योनीमार्गातून स्वॅबने, म्हणजे टोकाला कापूस असलेल्या काडीने, घेतलेला नमुना सर्वांत योग्य मानला जातो, आणि तो तुम्ही स्वतः, बंद खोलीत, कोणीही समोर नसताना घेऊ शकता. स्वॅबच्या कापसाच्या टोकाला हात लागू द्यायचा नाही. ते सुमारे ५ सेंटिमीटर आत घालून, संचावर लिहिलेल्या वेळेइतके, साधारण १० ते ३० सेकंद, हलकेच फिरवायचे, मग नळीत ठेवून दांडी खुणेवर मोडायची आणि झाकण घट्ट लावायचे. हा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच भरवशाचा असतो. पुरुषांकडून लघवीचा नमुना घेतला जातो आणि तिथे एक घोळ वारंवार होतो. लघवीच्या नेहमीच्या तपासणीसाठी पहिली धार सोडून मधली धरायची, ही सवय सर्वांना असते. येथे नेमके उलट करायचे असते: किमान एक तास लघवीला न जाता, अगदी पहिली धार, सुमारे २० ते ३० मिलिलिटर, बाटलीत धरायची. मूत्रमार्गातील पेशी आणि त्यांच्यासोबतचा जीवाणू त्या पहिल्या धारेतच वाहून येतो. मुख किंवा गुदमार्गाने संबंध आले असतील तर तेही सांगा. योनीतील स्वॅबवरून घशातील किंवा गुदाशयातील संसर्ग कळत नाही, त्यासाठी वेगळे स्वॅब घ्यावे लागतात. आणि केवळ रक्त तपासून क्लॅमिडियाचे निदान करून देतो असे कोणी म्हणाले, तर ती चाचणी घेऊ नका.

वेळेचेही भान ठेवा. ही चाचणी जीवाणूचा जनुकीय अंश शोधते आणि तो सापडण्याइतका वाढायला काही दिवस जातात, म्हणून शेवटच्या असुरक्षित संबंधाला दोन आठवडे झालेले नसतील तर निगेटिव्ह अहवाल अंतिम मानू नये. दोन आठवड्यांनंतर चाचणी पुन्हा करावी. याच कारणामुळे उपचारानंतर लगेच केलेली चाचणी उलट्या दिशेने फसवते: जीवाणू मेला तरी त्याचे अवशेष काही आठवडे सापडत राहतात आणि औषध लागू पडले नाही असा गैरसमज होतो.

पॉझिटिव्ह निघाल्यास उपचार सोपा आहे. डॉक्टर साधारणपणे डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस देतात. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, लगेच आडवे होऊ नये, आणि लोहाच्या किंवा आम्लपित्ताच्या गोळ्यांबरोबर एकत्र घेऊ नये. गरोदर असण्याची शक्यता असेल तर हे आधीच सांगा, कारण तेव्हा अझिथ्रोमायसिन दिले जाते आणि सुमारे चार आठवड्यांनी फेरतपासणीही केली जाते. औषध चालू असताना, आणि जोडीदाराचा उपचार पूर्ण होईपर्यंत, निरोध वापरूनही संबंध टाळावेत. गरोदर नसलात तरी तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करून घ्या. औषध निष्फळ ठरते म्हणून नव्हे, तर उपचार न झालेल्या जोडीदाराकडून पुन्हा संसर्ग होण्याचे प्रमाण बरेच असते म्हणून.

आता तुमचा दुसरा प्रश्न. संसर्ग आज आहे एवढेच अहवाल सांगतो; तो कधी झाला आणि कोणाकडून झाला हे सांगत नाही. लक्षणांविना तो कित्येक महिने शरीरात राहू शकतो, त्यामुळे तो सध्याच्या नात्याच्या आधीचाही असू शकतो, तुमच्याकडचा किंवा त्यांच्याकडचा. माझ्यासमोर बसलेल्या जोडप्यांमध्ये या एका कागदावरून आरोप सुरू झालेले मी पाहिले आहेत आणि त्याचे मला फार वाईट वाटते, कारण त्या कागदावर तसे काहीही लिहिलेले नसते. जोडीदाराला मात्र सांगायलाच हवे. ‘माझ्या तपासणीत क्लॅमिडिया निघाला आहे, त्यावर औषध आहे, तुम्हीही तपासून घ्या’ एवढे पुरेसे आहे. स्वतः सांगणे शक्य नसेल, किंवा सांगितल्यास मारहाणीची भीती असेल, तर चिकित्सालयात तसे स्पष्ट बोला. अनेक ठिकाणी तुमचे नाव न घेता आधीच्या जोडीदारांना कळवण्याची सोय असते, आणि ती मागायला संकोच करू नका.