संचालक हवेत, पण नेमके कशासाठी?

संशोधन संस्था आणि ग्रंथालये यांच्या प्रमुखपदांसाठी माणसे शोधण्याच्या कामाबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. त्यांतले काही इथे घेतले आहेत. संस्था ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : आमच्या जीवशास्त्र संशोधन संस्थेचे संस्थापक-संचालक पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. सुरुवातीपासून त्यांनीच संस्था चालवली. विश्वस्तांचे म्हणणे एकच : त्यांच्या तोडीचा माणूस आणा. जाहिरात द्यावी, की थेट सर्च फर्म (फी घेऊन उमेदवार शोधून देणारी कंपनी) गाठावी?

दोन्ही नंतर. आधी सगळ्या विश्वस्तांना एका खोलीत बसवा आणि पुढच्या पाच वर्षांत संस्थेचे काय काय अडणार आहे, हे प्रत्येकाला कागदावर लिहायला सांगा. शेजाऱ्याशी चर्चा न करता. मग कागद टेबलावर मांडा. खजिनदारांनी लिहिलेले असते, ‘दोन मोठ्या ग्रँट संपताहेत, पैसा उभा करणारा हवा.’ मंडळावरच्या शास्त्रज्ञांनी लिहिलेले असते, ‘तरुण ग्रुप लीडर खेचून आणणारा हवा.’ तिसऱ्या कागदावर असते, ‘चांगली माणसे सोडून चालली आहेत, ती थोपवणारा हवा.’ ही तीन वेगळी माणसे झाली. हा वाद आज मिटवला नाही, तर तो शेवटच्या मुलाखतीनंतर उफाळून येतो. मग कुणाचीच हरकत नाही अशा उमेदवारावर शिक्का बसतो. माझ्या पाहण्यातल्या फसलेल्या निवडींपैकी बहुतेक इथेच फसल्या. उमेदवार वाईट नव्हते. त्यांना कशासाठी आणले, यावरच मंडळात एकमत नव्हते.

आता ‘त्यांच्या तोडीचा’ या आग्रहाबद्दल. जर्मनीत १९११ साली कैसर विल्हेल्म सोसायटी स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष अडोल्फ फॉन हार्नाक यांच्या नावाने एक तत्त्व ओळखले जाते : आधी अव्वल शास्त्रज्ञ शोधा, मग त्याच्याभोवती संस्था उभी करा. तिची वारस असलेली आजची माक्स प्लांक सोसायटी तेच मानते. पण त्या तत्त्वाची दुसरी बाजूही तिथे पाळली जाते. संचालक निवृत्त झाला की त्याचा विभाग अनेकदा बंद होतो किंवा पूर्ण वेगळ्या विषयाकडे वळवला जातो. गेलेल्या माणसाची नक्कल कुणी शोधत बसत नाही.

होमी भाभा जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात गेले, तेव्हा त्यांच्याकडे अनेक जबाबदाऱ्या होत्या. त्या सगळ्या उचलणारा दुसरा भाभा आणला गेला नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्था एम. जी. के. मेनन यांच्याकडे गेली, तेही चाळिशीच्या आत असताना आणि संस्थेतलेच. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद विक्रम साराभाईंकडे गेले. तुमच्या संस्थापकांच्या खांद्यावर आज कोणकोणती कामे आहेत, त्याची यादी करा. त्यातली निम्मी तरी नव्या संचालकाकडे जायलाच हवीत असे नाही, हे यादी पाहूनच लक्षात येईल.

वेळेबद्दल : एक वर्ष हातात आहे, म्हणजे उशीरच झाला आहे. चालू ग्रँट हलवायच्या, पीएचडीचे विद्यार्थी अर्धवट सोडता येत नाहीत, जोडीदाराची नोकरी, लॅबमधली यंत्रे. नेमणूकपत्रावर सही झाल्यापासून रुजू होईपर्यंत सहा ते नऊ महिने सहज जातात. तेव्हा हंगामी संचालक नेमायची तयारी ठेवा. त्यांना कायम पदासाठी अर्ज करता येईल की नाही, हे नेमतानाच लेखी ठरवा. नाहीतर बाहेरचे चांगले लोक ‘तिथे आतलाच ठरलाय’ म्हणून फिरकत नाहीत.

संस्थापकांचे म्हणणे निवड समितीने एकदा निवांत ऐकावे. समितीत मात्र त्यांना घेऊ नये. आणि निवृत्तीनंतर ते कुठे बसणार, लॅब ठेवणार का, ठेवली तर तिचा खर्च कुठून, हे निवडीआधीच मिटवा. एका संस्थेत अंतिम फेरीतल्या बाईंनी पगाराचे काही विचारले नाही. त्यांनी एवढेच विचारले, ‘आधीच्या संचालकांची खोली कोणत्या मजल्यावर असेल?’ समितीतले लोक एकमेकांकडे बघायला लागले, कारण उत्तर होते ‘तुमच्या शेजारी’. बाईंनी नम्रपणे नकार कळवला.

प्रश्न : संचालक नावाजलेला शास्त्रज्ञच असावा का? की उत्तम व्यवस्थापक चालेल?

या प्रश्नावर मंडळे उगाचच दोन तट पाडून बसतात. संशोधन संस्थेत संचालकाला ज्येष्ठ शास्त्रज्ञांना ‘नाही’ म्हणता यावे लागते, आणि ते त्यांनी ऐकावे लागते. त्यासाठी विज्ञानातला दर्जा लागतोच. पण नोबेल पाहिजेच असे नाही, आणि नोबेल आहे म्हणून बाकीचे जमेलच असेही नाही. जीवशास्त्रज्ञ पॉल नर्स यांना २००१ साली नोबेल मिळाले, नंतर त्यांनी रॉकफेलर विद्यापीठ चालवले, पुढे लंडनचे फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूट उभारताना आणि चालवताना स्वतःची लॅबही सुरू ठेवली. हे जमणारी माणसे थोडी. बाकीच्यांसाठी सरळ उपाय म्हणजे संचालकाच्या जोडीला वित्त, इमारत, मनुष्यबळ सांभाळणारा भक्कम मुख्य कार्यकारी अधिकारी द्यायचा आणि दोघांच्या अधिकारांची हद्द कागदावर आखायची.

हद्द आखली नाही तर काय होते, त्याचे जुने उदाहरण प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीचे आहे. ओपनहायमर यांच्यानंतर १९६६ मध्ये अर्थशास्त्रज्ञ कार्ल केसन संचालक झाले. १९७३ मध्ये त्यांनी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बेला यांची नेमणूक पुढे रेटली. प्राध्यापकांच्या मतदानात बहुमत विरोधात गेले, तरी विश्वस्त संचालकांच्या मागे उभे राहिले. वाद वृत्तपत्रांत गेला. बेला यांनी शेवटी ते पद घेतलेच नाही. नेमणुकीत शेवटचा शब्द कुणाचा, यावर खरे भांडण होते. हा शब्द तुमच्या संस्थेत कुणाचा आहे, हे उमेदवाराने विचारण्याआधी तुम्हाला माहीत असू द्या.

मुलाखतीत ‘तुमचे व्हिजन काय?’ विचारले की सगळेच छान बोलतात. त्याऐवजी अंतिम तिघांना, गोपनीयतेच्या करारावर सही घेऊन, संस्थेचे मागच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब द्या, एक तास एकटे बसू द्या, आणि मग विचारा, ‘काय दिसले?’ एक उमेदवार वीजबिलाच्या वाढीवर बोट ठेवतो. दुसरा म्हणतो, प्रकाशनांची यादी वाढते आहे पण पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्या तरुणांची, संख्या घटते आहे, हे कसे? तिसरा हिशेब चाळून पुन्हा स्वतःच्या संशोधनाकडे वळतो. व्हिजनच्या भाषणातून एवढे कळत नाही.

प्रश्न : मी एका स्वतंत्र संशोधन ग्रंथालयात उपप्रमुख आहे. ग्रंथालयशास्त्रातली पदवी, बावीस वर्षांचा अनुभव. आता प्रमुखपदी इतिहासाचे एक प्राध्यापक आणायचे घाटते आहे. हे योग्य आहे का?

तुमचा राग समजतो. हा वाद जुना आहे. १९३९ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या प्रमुखपदी कवी आर्किबाल्ड मॅक्लीश यांना नेमले, तेव्हा अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने उघड विरोध केला होता. मॅक्लीश पाचच वर्षे राहिले, पण ग्रंथालयाची अंतर्गत रचना त्यांनी बदलून टाकली. एक गोष्ट त्यांनी नीट केली : व्यावसायिक ग्रंथपालांची समिती बोलावून कामकाजाची पाहणी करून घेतली आणि तिच्या म्हणण्यावर पावले उचलली. (ते ग्रंथालय सरकारी आहे, पण मुद्दा तुमच्याकडेही लागू आहे.) न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी ही मात्र ना-नफा संस्था. तिथे १९८१ मध्ये इतिहासकार वार्तान ग्रेगोरियन आले, तेव्हा तिची आर्थिक अवस्था बिकट होती. त्यांनी आठ वर्षांत तिला पैसाही मिळवून दिला आणि प्रतिष्ठाही. आणि वर ज्यांचे नाव आले ते हार्नाक मूळचे धर्मशास्त्राचे प्राध्यापक. बर्लिनच्या शाही ग्रंथालयाचे ते १९०५ ते १९२१ महासंचालक होते, म्हणजे काही वर्षे संशोधन संस्थांचे जाळे आणि ग्रंथालय दोन्ही एकाच माणसाकडे.

तेव्हा ‘ग्रंथपाल नाही’ एवढ्यावर विरोध टिकणार नाही. खरी अडचण दुसरी आहे. प्राध्यापकांना संग्रह प्रिय असतो. तो सांभाळणारी यंत्रणा त्यांना दिसतेच असे नाही. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये रॅन्समवेअर हल्ला (संगणक अडकवून खंडणी मागणारा) झाला, ऑनलाइन सूची बंद पडली आणि सेवा पूर्ववत व्हायला अनेक महिने गेले. लायब्ररीने खंडणी दिली नाही. मार्च २०२४ मध्ये काय चुकले याचा अहवालही प्रसिद्ध केला, आणि त्यात जुनाट संगणक प्रणालींचा उल्लेख आहे. तो अहवाल मी प्रत्येक ग्रंथालयाच्या निवड समितीला वाचायला लावतो. तापमान-आर्द्रतेची यंत्रणा, डिजिटल प्रतींचा बॅकअप, प्रकाशकांशी नियतकालिकांचे करार, सूचीकरणाचा साठलेला ढीग, या चार विषयांवर प्राध्यापकमहाशयांना प्रश्न विचारले जातील, एवढे तुम्ही पाहा. ते प्रश्न तुमच्याइतके चांगले दुसरे कुणी लिहू शकणार नाही. लिहून मंडळाकडे पाठवा. आणि स्वतः अर्ज करा. तुमच्या पत्रात तुम्ही अर्ज केल्याचे कुठेच म्हटलेले नाही.

प्रश्न : मी औषध कंपनीत संशोधन विभागाची प्रमुख आहे. एका ना-नफा संस्थेच्या संचालकपदासाठी सर्च फर्मचा फोन आला. बोलू का? कंपनीत कळले तर?

बोला. पहिल्या फोनने काही बांधिलकी होत नाही. पद रिकामे का झाले, समितीत कोण आहे, आतला उमेदवार आहे का, हे तीन प्रश्न तिथेच विचारा. उत्तर गोलमोल आले तर सावध व्हा. तुमच्या लेखी संमतीशिवाय कुणाकडेही चौकशी करायची नाही, हे ईमेलवर मान्य करून घ्या.

फर्म कुणासाठी काम करते, हे विसरू नका. फी संस्था देते. प्रथा पहिल्या वर्षाच्या पगाराच्या साधारण एक तृतीयांशाची आहे, बहुधा हप्त्यांत. (विश्वस्तांसाठी जाता जाता : ठरावीक रकमेवर अडून बसा. पगार वाढला की फी वाढते, ही रचना तुमच्या सोयीची नाही.)

कंपनीतून येणारे पैशाच्या बाबतीत फसतात. ताळेबंदात निधीचा आकडा मोठा दिसतो, पण त्यातला बराचसा देणगीदारांनी ठरवून दिलेल्या कामालाच बांधलेला असतो. कर्करोगासाठी आलेला पैसा छप्पर दुरुस्तीला वापरता येत नाही. कॉर्पस, म्हणजे कायम गुंतवलेला निधी, मोठा असला तरी त्यातून वर्षाला साधारण ४ ते ५ टक्केच काढायची शिस्त बहुतेक ठिकाणी असते. म्हणून विचारा : संचालकाच्या हातात मोकळा पैसा किती? ग्रँटवर मिळणारा ओव्हरहेडचा (वीज, इमारत, कार्यालय अशा सामायिक खर्चाचा) दर किती आणि तो घटला तर काय करणार? अमेरिकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएच या वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेने हा दर सरसकट १५ टक्क्यांवर आणायचे जाहीर केले. काही संस्थांचा दर तेव्हा ५० टक्क्यांच्या वर होता. न्यायालयाने ते रोखले, पण अनेक संचालकांची झोप उडाली ती उडालीच.

प्रश्न : कार्यकाळ किती ठेवावा?

पाच वर्षे, आढावा घेऊन आणखी पाच. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या महासंचालकांची मुदत पाच वर्षांची असते. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये एकच प्रमुख १९८७ ते २०१५ राहिल्यावर कायद्याने दहा वर्षांची मुदत घातली गेली, फेरनेमणुकीची सोय ठेवून. आढावा कोण घेणार, हे करारातच लिहा.

प्रश्न : एवढ्या मोठ्या माणसांची चौकशी करणे अपमानास्पद वाटत नाही का?

न केल्याचे परिणाम जास्त अपमानास्पद असतात. मेंदूशास्त्रज्ञ मार्क टेसिए-लाव्हीन हे रॉकफेलर विद्यापीठानंतर २०१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि २०२३ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. चौकशी समितीने त्यांना स्वतः आकडेवारीत फेरफार केल्याच्या आरोपातून मुक्त केले. पण त्यांचे नाव असलेल्या काही शोधनिबंधांतील चुका त्यांनी वेळेवर आणि ठामपणे दुरुस्त केल्या नाहीत, असेही म्हटले. म्हणून उमेदवाराचे गाजलेले निबंध, त्यांवरच्या दुरुस्त्या, माघारी घेतलेले निबंध आणि जाहीर शंका एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या. शंका सापडल्या तर त्या थेट उमेदवारासमोर ठेवा, उत्तर द्यायची संधी द्या. मागून कुजबूज करू नका.

रेफरन्स म्हणून उमेदवाराने दिलेली नावे स्तुतीच करणार. मला त्यांच्या लॅबमधून सहा-सात वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या माणसाचे म्हणणे हवे असते, आणि त्यांच्या कार्यालयातल्या जुन्या सचिवाचे. संमती घेऊनच. एकच प्रश्न पुरतो : ‘पुन्हा त्यांच्या हाताखाली काम कराल का?’ उत्तर ‘हो’ असेल तर ते लगेच येते. ‘कोणत्या कामावर अवलंबून आहे’ असे आले, तर फोन ठेवू नका, पुढे विचारा.

प्रश्न : आतल्या उमेदवाराची निवड झाली नाही, तर त्यांना कसे सांगायचे?

मंडळाच्या अध्यक्षांनी, समोरासमोर, निवडलेल्या उमेदवाराने होकार दिला त्याच दिवशी. सर्च फर्मवर हे काम ढकलू नका आणि पत्र तर नकोच. कारण खरे सांगा, एकच सांगा. त्यांनी राहावे असे वाटत असेल तर त्यांच्याकडे कोणते काम राहील आणि कोणते नवे येईल, हे तिथेच सांगता आले पाहिजे, म्हणजे ते आदल्या आठवड्यात निवडलेल्या उमेदवाराशी बोलून ठरलेले असले पाहिजे. कर्मचाऱ्यांना ईमेल जाण्याआधी त्यांना निदान एक दिवस मिळू द्या.