ऑटोमॅटिक फोर-बाय-फोरचा गिअरबॉक्स घरीच उतरवता येईल का?

येईल भाऊ, पण जागा पाहून. आपल्या काळ्या मातीत जॅक रुततो, स्टँड कलतो. सिमेंटचा कोबा असेल तरच गाडीखाली शिरा. विटांवर तर मुळीच नको. प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारे लांब दांडे) निघाले की गिअर ‘पी’त असला तरी गाडी घरंगळते, म्हणून चाकांना आधीच दगड लावा. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळा होत असेल तर तो पहिले उतरवा, वजन बरंच घटतं.

खरी गोम टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या गोल भांड्याची. फ्लेक्सप्लेटकडचे (इंजिनमागच्या पातळ चकतीकडचे) त्याचे बोल्ट इंजिनचा क्रँक फिरवत एकेक काढा आणि तो गिअरबॉक्ससोबतच बाहेर घ्या. बसवताना तो गिअरबॉक्सच्या तेलपंपात पूर्ण न बसवता हाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या कवचाचे) बोल्ट आवळून ओढलं, तर पंप फुटलाच समजा. ट्रान्समिशन जॅक (गिअरबॉक्स पेलणारा खास जॅक) मात्र तालुक्याच्या गॅरेजातून मागून आणा. दोन पोरांच्या हातावर हे वजन पेलत नाही.