मटण मी करतो, ती फक्त भाकऱ्या करते

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय ४७, पत्नीचं ४४. लग्नाला १९ वर्षं झाली. मी कोल्हापूरचा, ती रत्नागिरीची, राहतो पुण्यात. दोघंही नोकरी करतो, मुलगा अकरावीत आहे. मला माणसांची आणि खाण्याची हौस. महिन्यातून दोन रविवार तरी आठ-दहा जण आमच्याकडे जेवायला असतात. मटण, तांबडा-पांढरा सगळं मी स्वतः करतो, ती फक्त भाकऱ्या आणि वरचं बघते. महिन्या-दीड महिन्याने आईला घेऊन गावी चक्कर असते. कुठेही न थांबता मी चार तासांत कोल्हापूर गाठतो. पूर्वी ती या सगळ्यात हौसेने असायची. आता गाडीत बसली की गोळी घेते आणि झोपते. तिच्या माहेरी जाऊ म्हटलं तर तीच म्हणते, 'नको, घाट आहे.' मी तिला २०११ साली गाडी शिकवली, लायसन्सही काढून दिलं, पण पार्किंगमध्ये एकदा खांबाला घासली तेव्हापासून तिने स्टीअरिंगला हात लावलेला नाही. मागच्या महिन्यात माझे मित्र आलेले असताना 'डोकं दुखतंय' म्हणून बेडरूमचं दार लावून घेतलं, ते सगळे जाईपर्यंत उघडलं नाही. चारचौघांत अपमान झाला. विचारलं तर 'काही नाही' म्हणते. तिला नक्की काय हवंय?
– एक हौशी नवरा

उत्तर : नमस्कार. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच शब्दाला ठेच लागली. 'फक्त'. ती फक्त भाकऱ्या करते.

आपण हिशेब करू. दहा पाहुणे आणि घरचे तुम्ही चौघं. रस्सा ओरपायला बसलेला कोल्हापुरी माणूस दोन भाकऱ्यांवर थांबत नाही, पण तुमच्या मित्रांपैकी निम्मे डाएटवर आहेत असं धरू आणि माणशी दोनच पकडू. अठ्ठावीस भाकऱ्या. पीठ मळायचं, थापायची, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं, उलटायची, आचेवर फुगवायची. माझा हात चांगला चालतो, तरी एका तव्यावर एका भाकरीला तीन मिनिटं जातात. म्हणजे ८४ मिनिटं, उभ्याने, गॅससमोर. आणि भाकरी आधी करून ठेवायची सोय नाही, कारण तुमच्या पाहुण्यांना ती गरमच हवी असते. बाहेर मंडळी रंगात येतात तेव्हाच ती ८४ मिनिटं सुरू होतात. 'वहिनी, तुम्ही पण बसा ना' असं एकजण म्हणतो आणि लगेच 'एक भाकरी द्या' असंही तोच म्हणतो.

आता तुमच्या मटणाकडे येऊ. तुम्ही मनापासून करत असणार आणि ते उत्तम होत असणार, यात मला शंका नाही. पण कांदे कोण चिरतं? सुकं खोबरं, तीळ, खसखस कोण भाजतं? पांढऱ्यासाठी नारळ खवून, वाटून, फडक्यातून दूध कोण पिळतं? घरात चटणी संपत आली आहे हे शुक्रवारीच कोणाच्या लक्षात येतं? (पुणेकर वाचकांसाठी : कोल्हापूरकडे कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात.) तुम्ही सकाळी मटणाच्या दुकानासमोरच्या रांगेत उभे असता तेव्हा हे सगळं झालेलं असतं. मग तुम्ही येता, मटण अळणी शिजवायला टाकता, फोडणी देता, चव बघता. घरभर वास सुटतो आणि लोक म्हणतात, वा, काय हात आहे! रात्री ओट्यावर तेलाचे ओघळ, चिकट मिक्सर, रश्श्याची दोन पातेली आणि चौदा ताटं उरतात. रविवारी भांड्याच्या मावशींची सुट्टी असते, हे तुम्हाला माहीत होतं का?

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि जे पुरुष ते करतात त्यांची ९७, असं आढळलं होतं. तुमचं मटण तीन तास चालत असेल तर त्या एका रविवारी तुम्ही पुरुषांची सरासरी सहज मोडता. कौतुक आहेच. पण तेवढ्याने तुमच्या बायकोच्या वाट्याचा आकडा कमी झालेला नाही, उलट दहा पाहुण्यांनी तो वाढवला आहे.

आणखी एक काम सांगते. मागचे सहा रविवार आठवा आणि पाहुण्यांची यादी करा. त्यात तिची माणसं किती? तिची ऑफिसातली मैत्रीण, पुण्यातली मावसबहीण, कोणीतरी? तुमच्या पत्रात 'माझे मित्र' आहेत, 'माझी आई' आहे, 'तिचं' म्हणावं असं फक्त माहेर आहे आणि तेही घाटापलीकडे.

त्या माहेराचंच मला जास्त बोलायचं आहे.

गाडी लागणं म्हणजे काय ते ज्यांना लागत नाही त्यांना समजत नाही, म्हणून सांगते. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो, वळलो, पुन्हा वळलो, खाली गेलो. डोळे मात्र गाडीच्या आत, समोरच्या सीटच्या पाठीवर, आणि ते सांगतात, कुठे काय, सगळं जागच्या जागी आहे. मेंदूला दोन खबरी दोन तऱ्हेच्या मिळतात आणि पोट ढवळतं. मागे बसलं की जास्त, आणि खाली मान घालून काही करत असलं तर विचारूच नका. आता तुमच्या गाडीत पुढे कोण बसतं? आई. ते बरोबरच आहे, वय झालंय, गुडघे आहेत. मागे तुमची बायको, आणि मांडीवर डब्यांची पिशवी. तुम्ही थांबत नाही, त्यामुळे खाणं चालत्या गाडीत. म्हणजे खंबाटकीच्या वळणांवर ती मान खाली घालून दशमीवर चटणी पसरते, सासूबाईंसाठी संत्र्याच्या फोडींचे दोरे काढते, मुलाला पाणी देते, तुमच्या हातात गुंडाळी करून देते. गाडी लागावी म्हणून कोणी मुद्दाम ठरवलं असतं तरी याहून चोख व्यवस्था जमली नसती. मग ती गोळी घेते. त्या गोळीने झोप येते, तो गोळीचाच गुण आहे. तुमच्याशी बोलायचं नाही म्हणून ती झोपत नाही हो.

हे मी इतक्या खात्रीने लिहिते कारण मला पंचवीस वर्षं गाडी लागत होती. आमच्याकडे पद्मिनी होती, यजमान चालवायचे, मी मागे दोन मुलं, डबा आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. वरंधा घाट म्हटलं की आदल्या रात्रीपासून जेवण जायचं नाही. चिपळूणला सख्खी बहीण, आणि मी तिच्या मुलाच्या मुंजीला गेले नाही. ताप आलाय म्हणून कळवलं. पुढे बावन्नाव्या वर्षी मुलाने मला गाडी शिकवली, आणि वर्षभराने कराडहून कुंभार्ली घाट मी स्वतः चालवत उतरले. खाली पोहोचल्यावर लक्षात आलं की पोटात काहीही झालेलं नाही. मुलगा म्हणाला, 'आई, चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, पुढचं वळण त्याला आधी कळतं.' इतकी वर्षं आमच्या ह्यांना घाट 'काहीच वाटत नव्हता' तो का, हे मला त्या दिवशी कळलं. मुंजीचं मात्र अजून मनात आहे.

तुमच्या घरात पाहुण्यांचंही असंच चाललं आहे. कोण येणार, किती वाजता, काय करायचं, हे सगळं तुम्हाला आधी कळतं, कारण तुम्हीच ठरवता. तिला ते शनिवारी रात्री तुमच्या फोनवरच्या गप्पांतून कळतं.

तेव्हा 'तुला काय हवंय' हे तिला विचारू नका. 'काही नाही' हेच उत्तर येईल. ते उत्तर मला पटत नाही, हेही सांगते. दार लावून घेण्याआधी ती एखाद्या सोमवारी शांतपणे बोलली असती तर बरं झालं असतं. पण पत्र तुम्ही लिहिलंय, म्हणून तुम्हालाच सांगते. त्या दिवशी भाकऱ्या कोणी केल्या हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला तेच वाचायचं होतं. पाव आणला असणार.

पंगती बंद करू नका. माणसं येणारं घर चांगलंच, आणि तुमच्या बायकोलाही ते आवडायचं असं तुम्हीच म्हणता. पण पुढचे दोन महिने एक रविवार कमी करा, आणि उरलेल्या रविवारी बोलवायचं कोणाला ते तिला ठरवू द्या. ग्रुपवर टाकण्याआधी घरात विचारायचं. मटण तुम्ही करणार म्हणजे कांदा चिरण्यापासून ओटा पुसेपर्यंत तुम्ही. अकरावीतला मुलगा ताटं घासू शकतो, त्याने त्याचा अभ्यास बुडत नाही. भाकऱ्या पोळी-भाजी केंद्रातून आणा. पुण्यात राहून त्या घरीच थापायचा हट्ट कशासाठी? गार झाल्या तर तव्यावर गरम करा. आणि पहिल्या पंगतीला ती बसली पाहिजे, पाहुण्यांबरोबर, गरम रश्श्याला. वाढायला तुम्ही.

आता गाडी. आईंना मागे आरामशीर बसता येतं का बघा, दार मोठं उघडा, पाठीशी उशी द्या. एवढं त्या सुनेसाठी करतील, तुम्ही नीट सांगितलंत तर. दीड तासाने थांबायचं, पाच मिनिटं चहा, पाय मोकळे. कोल्हापूर साडेचार-पाच तासांत आलं तर कोणी बक्षीस काढून घेणार नाही. खाणं थांबल्यावरच.

तिच्या लायसन्सची मुदत बघून घ्या आणि एखाद्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दहा दिवसांची उजळणी लावून द्या. तुम्ही शिकवू नका. नवऱ्याने शिकवलेली गाडी खांबालाच घासते. मग एखाद्या रविवारी पहाटे, रस्ता रिकामा असताना, साताऱ्याच्या पुढे तिच्या हातात द्या. घाट नंतर, हात बसल्यावर. चालवायची असेल त्या दिवशी गोळी अजिबात घ्यायची नाही, हे विसरू नका. तुम्ही शेजारी बसाल तेव्हा नसलेल्या ब्रेकवर पाय दाबू नका, वरचं हँडल धरू नका आणि 'गिअर' हा शब्द उच्चारू नका. नकोच म्हणाली तर नको, सक्ती नाही. पुढच्या सीटवर बसून लांब रस्त्याकडे बघितलं तरी निम्मा त्रास कमी होतो.

हे जमलं की रत्नागिरी. कोल्हापूरहून मलकापूर, आंबा, साखरपा. तिला तो रस्ता तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहे. कुठे थांबायचं ते ती सांगेल. तिच्या आईकडे दोन रात्री राहा. एका दुपारी जाऊन चहा घेऊन परतलात तर ते धरलं जाणार नाही. 'नको, घाट आहे' यातलं 'नको' घाटाला आहे, आईला नाही. डब्यांची पिशवी या वेळी तुमच्या मांडीवर.

ता. क. : भाकरी स्वतः शिकायचीच असेल तर ज्वारी ताजी दळून आणा, जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. पाणी चांगलं गरम घ्या आणि एका वेळी एकाच भाकरीपुरतं पीठ मळा, भरपूर मळा. पहिल्या चार फाटतील. त्या तुम्ही खा.